कपाटाएवढी जागा

कपाट दादाने विकत घेतलं नव्हतं, त्याला ते कुणी भेट दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते नकोच होतं. ते खोलीत होतं. आधीचा भाडेकरू गेला, त्याच्या आधीचाही गेला, कपाट राहिलं. तीन दारं, मधल्या दारावर आरसा, उंची छतापेक्षा चार बोटं कमी, आणि वजन असं की आधी कपाट ठेवून मग त्याच्याभोवती इमारत बांधली असावी. त्यात दादाचे सहा शर्ट, दोन पँटी आणि एक स्वेटर एवढाच ऐवज होता. दार उघडलं की ते सहा शर्ट लग्नाच्या हॉलमध्ये वेळेआधी येऊन बसलेल्या पाहुण्यांसारखे अवघडलेले दिसत.

दादा म्हणजे सत्तावीस वर्षांचा, सडपातळ, भिडस्त माणूस. घरातला थोरला, म्हणून धाकट्या बहिणीपासून गल्लीतल्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्याला दादाच म्हणत. एक बायको सोडून. तिने म्हणणं बरं दिसलं नसतं. सात महिन्यांपूर्वी तो नोकरीसाठी या परक्या देशात आला आणि एका दिवसात कुणाचाच दादा उरला नाही. नोकरी दातांच्या लॅबमध्ये होती. डॉक्टरांकडून साचे यायचे, लॅबमध्ये दात बनायचे, आणि नवा दात शेजारच्या दातांच्या रंगाशी जुळवायचं काम दादाकडे होतं. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात हे तुम्हाआम्हाला ठाऊक नसतं. दादाला मात्र माणूस हसला की आधी त्याची छटा दिसायची आणि मग तो कशाला हसला ते कळायचं.

तिथली भाषा तो शिकत होता. या गोष्टीतली सगळी बोलणी आम्ही मराठीतच दिली आहेत. त्या भाषेत दादाने काय दिवे लावले, ते झाकलेलंच बरं.

तर सोमवारी एक पत्र आलं. बायकोला इकडे आणण्यासाठी दादाने अर्ज केला होता, त्याचं उत्तर. कळविण्यास आनंद होतो वगैरे झाल्यावर मुद्दा असा होता, की दोन माणसांना राहायचं तर खोलीत अठरा चौरस मीटर मोकळी जमीन हवी. अंथरुणाची जागा धरून. कपाटं, टेबलं वजा करून. गुरुवारी दुपारी चार वाजता मोजणी अधिकारी येतील. मोजणीत बसलं नाही, तर पुढची तारीख पाच महिन्यांनी.

दादाने लॅबमधून आणलेल्या पट्टीने खोली मोजली. दातांची पट्टी ती, बोटभर लांबीची, त्यामुळे दीड तास लागला. टेबल नव्हतंच. मोकळी जमीन भरली सतरा. कपाटाखाली होती जवळजवळ दीड. त्याने तीनदा बेरीज केली आणि बायकोला फोन लावला.

"म्हणजे माझ्या जागेवर कपाट उभं आहे," बायको म्हणाली.

"तसं नाही गं."

"मग कसं? सात महिने मी इथे बॅग भरून बसले आहे. तू एक तर कपाटाबरोबर संसार कर, नाहीतर माझ्याबरोबर."

"गुरुवारच्या आत काढतो," दादा म्हणाला. त्याला वाटलं, एक कपाट काढायचं, त्यात काय आहे!

आपल्याकडे त्यात खरंच काही नसतं. नको असलेली वस्तू फाटकाबाहेर ठेवायची, चहा प्यायला आत यायचं, आणि चहा संपेपर्यंत वस्तू गेलेली असते. कुणी नेली, कशी नेली, विचारायचं नाही. दादाने मंगळवारी सकाळी हीच योजना इमारतीच्या केअरटेकरला सांगितली. केअरटेकर म्हणजे किल्ल्यांचा जुडगा लावलेला नियम होता.

"बाहेर ठेवलंत तर ते बाहेरच राहील," तो म्हणाला. "आणि तुम्हाला आणखी एक पत्र येईल. मोठ्या सामानाची गाडी असते, तिला अर्ज करा."

"कधी येते गाडी?"

"तीन आठवड्यांनी. आणि एक मीटरपेक्षा लांब तुकडा नेत नाहीत."

संध्याकाळी कामावरून आल्यावर दादाने ठरवलं, की चांगली वस्तू आहे, कुणाला तरी देऊनच टाकावी. खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. सात महिन्यांत त्यांच्याशी दादाचं बोलणं जिन्यातल्या नमस्कारापुरतं. त्यांनी वर येऊन कपाट पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सांधे तपासले, आरशात डोकावल्या, आणि कपाट उत्तम आहे, त्याला तेलपाणी करावं, खिडकीपासून लांब ठेवावं, असा सल्ला दिला.

"तुम्ही नेता का?" दादाने आशेने विचारलं.

"मी? माझ्याकडे असलंच आहे. तेच कसं काढावं, हे मी नऊ वर्षं शोधते आहे."

त्या निघाल्या. आणि इथे दादाच्या हातून ती चूक झाली, जी आपल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. दारात निरोप देताना तो सवयीने म्हणाला, "या ना एकदा निवांत, चहाला!"

आता हे वाक्य आपण जन्मभर म्हणत आलो आहोत. त्यात बोलावणं नसतं. दार लावायच्या आधी दाराला तेल घालावं, तसं ते असतं. समोरच्यानेही "हो हो, येऊ की, तुम्हीच या" म्हणायचं असतं आणि दोघांनी आयुष्यभर एकमेकांकडे जायचं नसतं. दादाच्या वडिलांनी त्यांच्या हेडक्लार्कना बावीस वर्षं जेवायला बोलावलं होतं, आणि दोन्ही घरं सुखात होती.

बाईंनी मात्र पर्समधून डायरी काढली.

"कधी?"

हा प्रश्न दादाला कुणी कधी विचारलाच नव्हता. त्याच्या डोक्यात दोन दिवसांपासून एकच वार फिरत होता, तोच तोंडातून पडला. "गुरुवारी."

"किती वाजता?"

"चार," दादाची जीभ म्हणाली. दादा स्वतः त्या वेळी काहीच म्हणत नव्हता.

बाईंनी लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि त्या जिना उतरल्या.

समोरच्या दारातला बसचालक हे सगळं ऐकत उभा होता. धिप्पाड माणूस, छटा अकरावी, स्वभावाने मदत करण्याचा भुकेला. तो आत आला, बाह्या सरसावल्या, आणि दोघांनी मिळून कपाट दारापर्यंत ढकलत नेलं. दारात ते अडकलं. आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, दादाने आतून ओढलं आणि चालकाने बाहेरून लोटलं, मग उलट. या गडबडीत दादा एकदा कपाटाच्या आत गेला आणि दार बाहेरून लागलं. आपल्याच सहा शर्टांच्या सहवासात त्याने जी दोन मिनिटं काढली, त्याबद्दल तो पुढे कधी बोलला नाही.

"हे वळणार नाही," चालक शेवटी म्हणाला. "अठरा वर्षं बस वळवतो आहे, मला कळतं. सुटं करा."

दादाने हातोडी शोधायला घेतली, तर केअरटेकर हजर. इमारतीत ठोकाठोकी फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारी तीन ते पाच. आज मंगळवार होता खरा, पण सहा वाजून गेले होते.

"गुरुवारी तीन वाजता सुरू करा. मी येऊन उभा राहीन. पाच म्हणजे पाच."

"या ना, या," दादा कळवळून म्हणाला. केअरटेकरने तेही लिहून घेतलं.

राहता राहिला बसचालक. त्याने घाम गाळला होता. त्याला कोरडं कसं पाठवायचं? दादा म्हणाला, "तुम्हीपण या एकदा, वहिनींना घेऊन! सगळेच या!" वार मात्र सांगितला नाही. एवढं शहाणपण त्याला एव्हाना आलं होतं. पण चालकाने खिशातून ड्युटीचा कागद काढला, त्यावरून बोट फिरवलं आणि आनंदाने म्हणाला, "या महिन्यात मला एकच सुट्टी आहे. गुरुवार. बायको, सासूबाई, मेव्हणी आणि मी. चौघं. चार वाजता चालेल?"

बुधवारी लॅबमध्ये दादाने रजेचा अर्ज दिला. लॅबप्रमुख म्हणजे अतिशय सरळ मनाची बाई.

"उद्या दुपारी? काही विशेष?"

"घरी जरा काम आहे," दादा म्हणाला. प्रमुखबाईंनी लगेच सही केली. रजा अशी हसत हसत मिळालेली त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याचा ऊर भरून आला, आणि भरलेल्या उरातून नको तेच बाहेर पडलं. "तुम्ही सगळे या ना एकदा घरी!"

प्रमुखबाईंनी दोन वाक्यं जोडली. उद्या घरी काम आहे, घरी या. म्हणजे कामच हे आहे. त्यांनी टेबलावर साच्याची हातोडी आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि जाहीर केलं, की आपला नवा सहकारी उद्या सर्वांना घरी बोलावतो आहे. भट्टीवाला, मेणवाला, पॉलिशवाल्या दोघी, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेणवाल्याने येऊन पत्ता घेतला. दादाने अंक चुकवून सांगावेत असं क्षणभर मनात आणलं, पण पगाराच्या कागदावर खरा पत्ता होताच.

संध्याकाळी बायकोने फोनवर हिशेब मांडला. "बाई एक, बसवाले चार, केअरटेकर एक, लॅबचे पाच. अकरा. बारावा तो मोजणी अधिकारी. आणि हे सगळे मोकळी जमीन बघायला येणार?"

"अगं, आपल्यात 'या' म्हणजे..."

"आपल्यात! तू तिथे आहेस. आत्ता जा आणि सगळ्यांना नाही म्हणून सांग."

दादा खाली गेला. बाईंचं दार उघडंच होतं. टेबलावर इस्त्री केलेला निळा ब्लाउज पसरला होता.

"बरं झालं आलास," बाई म्हणाल्या. "निळा बरा दिसेल की करडा? मला या इमारतीत नऊ वर्षं झाली. चहाला बोलावणारा तू पहिला."

दादाने तोंड उघडलं. सांगायचं वाक्य त्याने जिन्यात पाठ केलं होतं, व्याकरण तपासून. त्याला फार वाईट वाटलं. बाईंसाठी वाटलं आणि सात महिने त्याच जिन्यातून खाली मान घालून ये-जा करणाऱ्या स्वतःसाठीही वाटलं.

"निळा," तो म्हणाला. "आणि तुमच्याकडे खुर्च्या असतील का?"

गुरुवारी तीनच्या ठोक्याला केअरटेकरने मान हलवली आणि दादाने पहिला घाव घातला. स्क्रू गंजलेले, खिळे मुरलेले. पहिलं दार निघायला दहा मिनिटं लागली. आरशाचं दार निघालं ते थेट केअरटेकरच्या अंगावर. तो बिचारा पुढचा सगळा वेळ त्या दाराला मिठी मारून उभा होता आणि घड्याळ आरशाआडून बघत होता. सव्वातीनला दादाच्या अंगठ्यावर हातोडी बसली. साडेतीनला पाठीची फळी सुटली आणि तिच्यामागून आधीच्या भाडेकरूंचे चार मोजे, एक कंगवा आणि भिंतीचा मूळ रंग निघाला. चारला पाच कमी असताना कपाट कपाट राहिलं नाही. त्याच्या तेरा फळ्या झाल्या, आणि त्या तेरा फळ्या अशा पसरल्या की मघापर्यंत दीड मीटर खाणारं कपाट आता अख्खी खोली खाऊन बसलं.

"जिन्यात ठेवतो," दादा हाशहुश करत म्हणाला.

"जिन्यात सामान ठेवायला मनाई आहे," आरशामागून आवाज आला.

"मग तळघरात?"

"तळघराची किल्ली मालकांकडे आहे. उद्या मिळेल."

दादाने खिडकीतून खाली पाहिलं आणि त्याची पाचावर धारण बसली. फुटपाथवर दहा माणसं शिस्तीत उभी होती. सगळी आपापल्या घड्याळात बघत होती. दिलेल्या वेळेच्या आधी वर यायचं नाही, म्हणून ती चार वाजायची वाट पाहत थांबली होती. बसवाला समोरच्याच दारात राहत होता, तरी तोही कुटुंबाला घेऊन खाली जाऊन उभा राहिला होता. शेजारी निळा ब्लाउज, आणि चार खुर्च्या.

चार वाजले. सगळे वर आले. त्यांच्या मागोमाग, हातात टेप आणि फायली घेऊन, मोजणीबाई.

खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. जो येईल तो "बसू का?" विचारी आणि दादा "बसा, बसा" म्हणे, कारण उभ्या पाहुण्याला दुसरं काही म्हणायला त्याला शिकवलेलंच नव्हतं. कुणी खुर्चीवर बसलं, कुणी गादीच्या कडेवर, लॅबचे पाच जण भिंतीला टेकून ओळीने जमिनीवर. आणि बसायचं तर फळ्या उचलणं भाग होतं. ज्याने उचलली त्याने ती मांडीवर घेतली. दादाने त्या फळ्यांवर कप ठेवले, कारण कप ठेवायला दुसरीकडे जागाच नव्हती. कप चारच होते, बाकीच्यांना पेले, मेणवाल्याला दाढीचा मग.

मोजणीबाई दारातच उभ्या होत्या. "अर्जात लिहिलं आहे, एक माणूस राहतो."

"एकच," दादा म्हणाला.

"आणि मोकळी जमीन?"

दादाने खोलीभर पाहिलं. त्याला बायकोची भरलेली बॅग दिसली, पुढचे पाच महिने दिसले, आणि रडू यायच्या बेताला आलं. अशा वेळी परकी भाषा मुळीच बोलता येत नाही. तो नुसता उभा राहिला, सुजलेला अंगठा मुठीत धरून.

शिक्षिकाबाईंनी प्रकार ओळखला. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी पाय वर!"

वीस पाय वर झाले. बसवाल्याच्या सासूबाईंचे थोडे उशिरा झाले. केअरटेकरने आरशासकट एक पाय उचलला, तेव्हा त्याला उरलेला पाय टेकवायची खास परवानगी मिळाली.

"हे कपाट आहे," मोजणीबाई मांड्यांवरच्या फळ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"जमिनीवर आहे का?" बाईंनी विचारलं.

मोजणीबाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. पान उलटलं, परत उलटलं. सामान म्हणजे जमिनीवर टेकलेली वस्तू. पाहुणे सामानात येत नाहीत, आणि पाहुण्यांच्या मांडीवरचं सामान कशात येतं हे पुस्तकात नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं, स्कर्ट सावरला आणि टेप घेऊन त्या गुडघ्यांवर बसल्या. एक टोक बसचालकाने धरलं. पायांच्या खालून, खुर्च्यांच्या मधून त्या खोलीभर फिरल्या. पॉलिशवाल्या दोघींनी त्यांच्यासाठी पेला खाली धरला, तर त्यांनी वाटेत एक घोटही घेतला.

"अठरा पूर्णांक दोन," त्या खालूनच म्हणाल्या, आणि पाय धाडकन खाली आले.

"अजून एक रकाना आहे," मोजणीबाई उठत म्हणाल्या. "तुम्हाला ओळखणारी, इथे राहणारी दोन माणसं. तुम्ही कोरा सोडला आहे."

"मला कुणी..." दादा सुरू झाला, पण कागद त्याच्या हातातून गेलाही होता. बाईंनी सही केली. बसचालकाने केली. केअरटेकरला जागाच उरली नाही, म्हणून त्याने समासात केली आणि खाली इमारतीचा शिक्का मारला.

"किती दिवसांपासून ओळखता?" मोजणीबाईंनी विचारलं.

ही माणसं खोटं बोलण्यातली नव्हती. "परवापासून," बाई म्हणाल्या.

मोजणीबाईंनी दादाकडे पाहिलं, अकरा माणसांकडे पाहिलं, दाढीच्या मगातून चहा पिणाऱ्या मेणवाल्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "कमीत कमी किती, ते इथे छापलेलं नाही," असं म्हणून त्यांनी 'दोन दिवस' लिहिलं आणि 'मंजूर'च्या चौकटीत खूण केली. मग त्या हसल्या. दादाला त्यांची छटा दिसलीच नाही. डोळे भरून आले होते.

त्याने तिथल्या तिथे बायकोला फोन लावला.

"झाली का जागा?" पडद्यावर तिचा चेहरा. ओढणी खांद्यावरून घसरलेली, केस विस्कटलेले, वाट पाहून पाहून डोळे लाल.

"झाली. मंजूर झालं."

तिने ओढणीने डोळे पुसले. मग म्हणाली, "बघू दे. मोकळी जमीन दाखव मला."

दादाने फोन फिरवला. मोकळ्या जमिनीवर अकरा माणसं आणि एक अधिकारी मांडीवर फळ्या घेऊन चहा पीत बसली होती. सगळ्यांना ती कोण हे एकदम कळलं. बसवाल्याच्या सासूबाई लांबून हात हलवू लागल्या, लॅबवाले एकावर एक वाकले, केअरटेकर आरशामागून डोकावला.

"अरे, मी कुठे बसू मग?" बायको म्हणाली.

दादाने ते सगळ्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि या वेळी एकही चूक झाली नाही. शिक्षिकाबाई लगेच उठल्या. त्यांनी आपली खुर्ची हाताने झटकली, खोलीच्या मध्यावर आणली, आणि दादाच्या हातातून फोन घेऊन अलगद तिच्यावर टेकवून ठेवला. सगळे आपापल्या जागी जरा सरकून बसले, आणि त्या खुर्चीकडे तोंड करून, ती काही बोलेल म्हणून थांबले.

तिने दोन्ही हातांनी घाईघाईने केस मागे घेतले.

"आधी सांगायचं ना रे," ती दादाला म्हणाली, "एवढी माणसं आहेत म्हणून. निदान केस तरी विंचरले असते."